शेवटच्या पानावरच्या अटी

दादाभाई नौरोजींना बॅरिस्टर करायचं ही कल्पना मूळ सर अर्स्किन पेरींची. पेरी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्षही. वडील लहानपणीच गेलेला, आई माणेकबाईने वाढवलेला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधला हा हुशार मुलगा त्यांच्या नजरेत भरला. १८४५च्या सुमारास त्यांनी पारशी समाजातल्या बड्या मंडळींपुढे प्रस्ताव ठेवला. याला कायदा शिकायला विलायतेला पाठवू; निम्मा खर्च मी देतो, निम्मा तुम्ही द्या.

मंडळींनी नाही म्हटलं. पैशाची अडचण नव्हती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखा दाता त्यांच्यात होता. अडलं ते धर्मापाशी. १८३९ साली मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या सहवासातल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं, आणि त्याचा चटका अजून ताजा होता. मुलगा विलायतेला गेला आणि तिकडेच बाटला तर? पेरींच्या निम्म्या रकमेला जोड मिळाली नाही आणि बेत बारगळला. दादाभाई पुढे १८५५ साली इंग्लंडला गेले, ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून. व्यापाराला जाणाऱ्याला कोणी अडवलं नाही.

ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला दादाभाईंपेक्षा पेरींच्या अटीचंच जास्त वाटलं. सवयीचा परिणाम. मी एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, हमीपत्र, बाँडपेपर, यातच दिवस गेले. त्या टेबलावर एक गोष्ट लवकर कळते. जाहिरातीच्या पहिल्या पानावर दात्याचा फोटो आणि शिष्यवृत्तीची रक्कम असते. दात्याच्या मनात काय आहे ते शेवटच्या पानावर, अटींच्या यादीत असतं. त्याला कशाची भीती वाटते, तो कोणाला आपला मानतो, परत आलेल्या मुलाकडून त्याला काय हवंय, हे सगळं तिथे क्रमांक घालून लिहिलेलं असतं.

म्हणून निवृत्तीनंतर परदेशी शिक्षणाच्या जुन्या निधींचा इतिहास वाचायला घेतला तो मागच्या पानावरून. मुंबई इलाख्यापुरताच वाचला, तरी बरंच हाती लागलं.

पेरींचा प्रस्ताव फेटाळला गेला त्यानंतर जेमतेम वीस वर्षांत वारं फिरलं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस लागू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि राजाबाई टॉवरसाठी लाखांनी रुपये दिले ते याच दिवसांत. आणि १८६४ साली सर जमशेटजींचेच चिरंजीव रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी सरकारपुढे दीड लाख रुपये ठेवले. कशासाठी? पाच हिंदी तरुणांना इंग्लंडला पाठवून बॅरिस्टर करण्यासाठी. बापाच्या पिढीने एका मुलाचा निम्मा खर्च नाकारला होता. मुलाने पाच जणांचा पुरा खर्च उचलला.

त्या पाचांत एक नाव होतं फिरोजशहा मेहता. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिफारस केली आणि ते लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरीच्या संस्थेत दाखल झाले. अजून वर्ष नीट उलटलं नव्हतं तोच अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ला मुंबईचा शेअरबाजार बसला. शेअरमॅनियाचं ते प्रकरण इथे विस्ताराने सांगायला नको. रुस्तमजीही त्यात बुडाले. त्यांच्या शिष्यवृत्तीचा झरा आटला. फिरोजशहांना ठरलेल्या रकमेतला काही भागच मिळाला. बाकीची तजवीज घरातून झाली. ते १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे मुंबई महापालिकेवर त्यांनी राज्य केलं हे सर्वांना माहीत आहे.

रुस्तमजींच्या दानात काही खोट नव्हती. हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर एकच गोष्ट राहून गेली. दरवर्षी खिशातून द्यायचा पैसा वेगळा आणि कायम ठेव करून तिच्या व्याजावर चालवायचा निधी वेगळा. विद्यार्थी लंडनला पोचला की त्याचा खर्च तीन-चार वर्षं थांबत नाही, दात्याचे दिवस मात्र एका रात्रीत फिरू शकतात. ज्या निधीची ठेव पक्की नाही त्याची सगळी जोखीम परक्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर असते. फिरोजशहांच्या मागे खाऊन-पिऊन सुखी घर होतं म्हणून निभावलं.

त्याच दशकात सर मंगळदास नथूभाई यांनी विद्यापीठाकडे २० हजार रुपये दिले, हिंदू पदवीधरांनी युरोपात प्रवास करावा म्हणून. त्यांच्या नावाची ही ट्रॅव्हलिंग फेलोशिप. ‘हिंदू’ ही अट आज खटकेल, पण तेव्हाची परिस्थिती पाहिली पाहिजे. पारशांची भीती धर्मांतराची होती, हिंदूंची जातीबाहेर पडण्याची. महिपतराम रूपराम नीळकंठ यांना शिक्षणखात्याने १८६० साली इंग्लंडला पाठवलं, तिथल्या ट्रेनिंग कॉलेजांची पद्धत बघायला. परत आल्यावर नागर ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकलं आणि ते जातीत परत येईपर्यंत कैक वर्षं गेली. मंगळदासांच्या स्वतःच्या कपोळ ज्ञातीतले सुधारक करसनदास मुळजी १८६३ साली जाऊन आले, त्यांच्या वाट्यालाही बहिष्कार आला. म्हणजे जायचा खर्च कोणी देईलही, पण येण्याचा खर्च, प्रायश्चित्ताचा आणि जातजेवणाचा, कोणत्याही अर्जात धरलेला नसे. तो घरच्यांनी सोसायचा.

आता सरकारकडे येऊ. १८६८ साली लॉर्ड लॉरेन्स यांच्या सरकारने नऊ शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, वर्षाला २०० पौंड, तीन वर्षं. विलायतेतल्या भारतमंत्र्याला ते मानवलं नाही आणि योजना लवकरच गुंडाळली गेली. त्याच सुमारास गिलख्रिस्ट ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, वर्षाला १०० पौंडांच्या. लंडन विद्यापीठाची मॅट्रिक इथे बसून द्यायची आणि वर यायचं. प्रफुल्लचंद्र राय १८८२ साली एडिंबराला गेले ते यावर. या पैशाचा उगम मोठा मजेदार आहे. जॉन गिलख्रिस्ट म्हणजे हिंदुस्थानीचं व्याकरण लिहिणारा कलकत्त्याचा गोरा पंडित. एके काळी गाझीपूरला नीळ पिकवायचा धंदाही त्याने केला होता. त्याने ऑस्ट्रेलियात सिडनीजवळची बाल्मेन नावाची जमीन नाममात्र किमतीत घेऊन ठेवली. तो मेल्यावर शहर वाढलं, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि त्यातून ट्रस्ट गब्बर झाला. गिलख्रिस्टचा पैसा जमिनीत होता, रुस्तमजींचा बाजारात. फरक तेवढाच.

सरकारी शिष्यवृत्ती १८८६ साली पुन्हा सुरू झाली. रक्कम तीच, २०० पौंड. विद्यापीठांनी आळीपाळीने आपला सर्वांत हुशार पदवीधर सुचवायचा आणि सरकारने त्याला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला धाडायचं. इथली पदवी तिकडे कोणी फारशी मोजत नसे, बी.ए. होऊन गेलेला मुलगा तिथे पुन्हा पहिल्या पदवीच्या वर्गात बसे. रुपयाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. १८६८मध्ये पौंडाला साधारण दहा रुपये पडत, म्हणजे ही शिष्यवृत्ती दोन हजारांची. शतक संपताना पौंड पंधरा रुपयांवर गेला, म्हणजे तीच शिष्यवृत्ती तीन हजारांची. सरकारचा आकडा जागचा हलला नाही, पण घरच्या पैशावर जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या बापाला मात्र विलायत दीडपट महाग झाली.

या शिष्यवृत्तीच्या अटींत एक अट लिहिलेलीच नव्हती. ती कळली १८८८ साली.

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकची. जन्म १८६६चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती एकटी मुलगी होती. बी.ए.ला ती तिथल्या सगळ्या मुलांच्या पुढे गेली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर तिचा हक्क लागला. सरकारने ती द्यायचं नाकारलं. कारण उमेदवार बाई. नियमात ‘पुरुष’ असा शब्द घालायची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण बाई पहिली येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या कार्यालयातले कैक फॉर्म आठवले. ‘अर्जदाराच्या वडिलांचे उत्पन्न’ असा रकाना असायचा. नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलगी समोर उभी राहिली की त्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न मला पडे, फॉर्म छापणाऱ्याला तो कधीच पडला नव्हता. नियम करणारा ज्याला बघून नियम करतो, त्याच्याच मापाचा नियम होतो.

कॉर्नेलियाने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली. इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून वर्गणी मागितली. सर विल्यम वेडरबर्न आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांनी हातभार लावला आणि सरकारने नाकारलेली शिष्यवृत्ती वर्गणीतून उभी राहिली. १८८९ला ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचली. १८९२ साली खास परवानगी घेऊन कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी ती तिथली पहिली स्त्री. परीक्षा दिली, पदवी नाही मिळाली; ऑक्सफर्ड १९२०पर्यंत बायकांना पदवीच देत नसे. तिच्या हाती पदवी पडली १९२२ साली, पुऱ्या तीस वर्षांनी.

वर्गणीच्या पैशालाही अटी असतात, त्या फक्त कागदावर नसतात. देणाऱ्या बायका श्रीमंत, प्रेमळ आणि राजनिष्ठ होत्या. पुढे आयुष्यभर कॉर्नेलिया सोराबजी राष्ट्रीय चळवळीपासून दूर आणि साम्राज्याच्या बाजूने राहिल्या. त्याला कारणं अनेक असतील, सगळं त्या वर्गणीच्या खाती टाकणं बरं नव्हे. पण आपल्याला कोणी वर काढलं हे माणूस विसरत नाही, एवढं मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे.

याच सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली दापोलीकडच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. फर्ग्युसनचे विद्यार्थी, महर्षी कर्व्यांचे नातलग. १८९९ साली ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. हा मान मिळवणारे पहिले हिंदी. पुण्यात त्याचा किती गजर झाला असेल याची कल्पना करता येते. पण मला त्यांच्या गोष्टीतलं वेगळंच कलम मोलाचं वाटतं. जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता, परत येऊन आजीव सदस्य म्हणून काम करीन. सरकारने शिष्यवृत्ती दिली, बांधिलकी त्यांनी स्वीकारली ती वेगळ्याच संस्थेशी. रँग्लर झालेल्या माणसाला सरकारी खात्यात कितीतरी पगार मिळाला असता. ते परत आले आणि १९०२ साली महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांना कोणी जामीन मागितला नव्हता. दिलेला शब्द हाच बाँड.

अशी माणसं असतात म्हणून बाँड नको असं म्हणता येईल का? जमशेटजी टाटांनी तसा भाबडा हिशेब केला नाही. १८९२ साली त्यांनी जी संस्था काढली, जे. एन. टाटा एंडाउमेंट, तिने देणगी दिली नाही, कर्ज दिलं. शिकून ये, कमवायला लाग, माफक व्याजासह फेड, त्या पैशात पुढचा जाईल. सुरुवातीला ती पारशांपुरती होती, दोनच वर्षांत सर्व हिंदी लोकांना खुली झाली. सुरुवातीच्या लाभार्थींत स्त्री-डॉक्टर होत्या, हे कॉर्नेलियाच्या प्रकरणानंतर चारच वर्षांत घडलं म्हणून मुद्दाम लिहिते. कर्ज घेणाऱ्याला उपकाराचं ओझं नाही, आणि निधीही आटत नाही. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. बी.एस्सी. होऊन गेले आणि परांजप्यांसारखेच पुन्हा ट्रायपॉसच्या पहिल्या पदवीला बसले. रुस्तमजींचा निधी वर्षभरात आटला, टाटांचा आजही चालू आहे.

पण कर्जाची एक बाजू मला माहीत आहे. परतफेड करायची म्हटलं की मुलगा असाच विषय निवडतो ज्यात पगार आहे. टाटांच्या मदतीने गेलेल्यांपैकी पुष्कळ जण आय.सी.एस. झाले यात नवल नाही. त्या काळी त्याहून भरवशाचा पगार कुठला? कर्ज काढून कोणी शिल्पकला शिकायला जात नाही.

त्या आय.सी.एस.च्या नेमकी उलट अट १९०५-०६मध्ये लंडनहून निघाली. श्यामजी कृष्णवर्मांच्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ पत्राच्या गोटातून हिंदी तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. त्यांतल्या काही पॅरिसला जवाहिराचा व्यापार करणारे सरदारसिंह राणा यांनी दिल्या, दोन-दोन हजार रुपयांच्या. एकीला शिवाजी महाराजांचं नाव, एकीला महाराणा प्रतापांचं. अट अशी की शिकून आल्यावर इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने शिवाजी शिष्यवृत्ती विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि ९ जून १९०६ला ते ‘पर्शिया’ बोटीने निघाले. पंधरा रुपये पौंडाच्या भावाने दोन हजार म्हणजे १३३ पौंड. लंडनला राहून कायदा शिकायला ते पुरणारे नव्हते. सासरे, जव्हारचे भाऊराव चिपळूणकर, यांनी बाकीचा भार उचलला.

या कहाणीचा शेवट राजकीय इतिहासात आहे. ग्रेज इनच्या परीक्षा झाल्या, पण त्यांना बॅरिस्टर म्हणून सनद द्यायचं इनने नाकारलं. सरकारी नोकरी न धरण्याची अट अशी काही पाळली गेली की पाळायची वेळच आली नाही. मी मात्र एवढंच नोंदवते: एकाच दशकात, एकाच इलाख्यातून, एक निधी मुलांना सरकारी नोकरीच्या दाराशी नेत होता आणि दुसरा त्याच दाराला कुलूप लावत होता. दोन्ही निधी ‘हिंदी तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी’च होते.

आणि मग बडोद्याचा करार.

महाराजा सयाजीराव गायकवाड एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना महिना २५ रुपये देत होते. १९१२ला बी.ए. झालं. १९१३च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं आणि जूनमध्ये आंबेडकरांनी करारावर सही केली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी.

साडेअकरा पौंड म्हणजे वर्षाला १३८ पौंड. परांजप्यांना सतरा वर्षांपूर्वी २०० मिळत होते. या १३८ पौंडांतून आंबेडकर घरीही पैसे पाठवत आणि न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून पुस्तकं घेत. ती सुमारे दोन हजार झाली म्हणतात. १९१६ला ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, संस्थानचं बोलावणं आलं. अभ्यास अर्धा टाकून १९१७च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. सामान दुसऱ्या बोटीने येत होतं, ती पाणतीराने बुडाली. पुस्तकं गेली. सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये आले, आणि त्यांतूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला. करार पाळायला जाणाऱ्या माणसाकडे करार पाळायला जाण्याइतके पैसे नव्हते.

बडोद्याला काय झालं ते त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त लिहून ठेवलं आहे. हॉटेलात जागा नाही. पारशी खानावळीत पारशांखेरीज कोणाला ठेवत नसत. रखवालदाराशी बोलून, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपयावर खोली घेतली. वरच्या मजल्यावर अंधार, अडगळ, सोबतीला कोणी नाही. दिवसा कचेरीत काम, रात्री ती खोली. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले: तू कोण? संध्याकाळपर्यंत चालता हो. संस्थानचा बंगला मिळाला नाही. एका हिंदू मित्राने सांगितलं, तुम्हाला ठेवलं तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती मित्राच्या घरातूनही नकार आला. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीची मुंबईची गाडी धरली.

करार दहा वर्षांचा. अट अशी की विद्यार्थ्याने येऊन नोकरी करावी. विद्यार्थी आला. संस्थानच्या राजधानीत त्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळाली नाही. सयाजीरावांच्या मनाचा मोठेपणा कोणी नाकारणार नाही. त्यांच्यासारखा राजा त्या काळात दुर्मीळ. पण तो करार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने विद्यार्थ्याची सगळी कर्तव्यं लिहिली आणि संस्थानचं एकच लिहिलं: पैसे देणे. घराचं कलम नव्हतं. दहा वर्षं नोकरी करणारा माणूस दहा वर्षं राहणार कुठे, हा प्रश्न ज्याला कधी घरासाठी हिंडावं लागलं नाही त्याला सुचत नाही.

अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून टाकलेली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार आणि शाहू महाराजांची मदत, यांवर तो प्रवास झाला. मित्राच्या पाच हजारांना बाँड नव्हता.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२च्या ऑक्टोबरमध्ये आंबेडकरांनी सरकारला निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात ही मागणी होती. चाळीसच्या दशकातच त्यातून मुलं विलायतेला जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५पासून केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३पासून. दोन्ही मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. परांजपे किंवा नारळीकरांसारखं तिकडे पहिल्या पदवीला बसायचं असेल तर गरीब मुलाला या योजनांचं दार उघडत नाही. आणि २०२२मध्ये केंद्राच्या योजनेत नवी अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. जातीवर परदेशात जाऊन अभ्यास करणारा एक मोठा विद्यार्थी बडोद्याच्या पैशावर गेला होता. न्यूयॉर्कला १९१६ साली त्याने वाचलेला निबंध भारतातल्या जातींवरच होता. आजच्या नियमाने तो अर्ज बाद झाला असता.

माझ्या टेबलावरची एक हकीकत सांगते, योजनेचं नाव लिहीत नाही. आमच्या कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी इंग्लंडच्या विद्यापीठात निवडली गेली. प्रवेश झाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली. राहिले जामीनदार: दोन, कायम सरकारी नोकरीतले. तिच्या नात्यागोत्यात वीटभट्टीवाले होते, शेतमजूर होते, एक रिक्षावाला होता. सरकारी नोकर एकही नाही. असता तर तिला शिष्यवृत्ती कशाला लागली असती? एक सही तिच्या जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांनी केली. दुसरी कोणी करेना. शेवटी त्याच शाळेचा शिपाई बाँडपेपर हातात घेऊन मला म्हणाला, “बाई, मला वाचता येतंय सगळं. ती पळून गेली तर माझ्या पगारातनं कापतील. कापू देत.” आणि त्याने सही केली. ती मुलगी शिकून आली, आता औरंगाबादेत शिकवते. पहिला हप्ता मात्र तिच्या खात्यावर तिचं पहिलं सत्र संपल्यावर जमा झाला होता. तोवर तिने कसं भागवलं हे तिने मला सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

आज गावोगावी माजी विद्यार्थी संघ निघालेत, कारखानदार निघालेत, परदेशात स्थिरावलेले मराठी लोक आहेत. बहुतेकांना कधी ना कधी वाटतं, आपल्या आईवडिलांच्या नावाने एखादा मुलगा, एखादी मुलगी बाहेर पाठवावी. त्यांना माझं सांगणं हिशेबाचं आहे. निधी काढाल तो ठेवीचा काढा, व्याजावर चालणारा. पहिला हप्ता मुलगी विमानात बसायच्या आधी द्या. विषय तिला ठरवू द्या. परत येऊन काम करायची अट घालणार असाल तर तिला कामाबरोबर घर कोण देणार तेही त्याच कागदावर लिहा. आणि सरकारी नोकरीतल्या जामीनदाराचा रकाना फॉर्ममधून काढून टाका. पैसे बुडतील ही भीती मला माहीत आहे, त्या भीतीवरच माझी नोकरी चालली. पण वर सांगितलेल्या इतक्या हकिकतींत पैसा बुडाला तो एकदाच, आणि तो शेअरबाजारात. करार मोडला तोही एकदाच, आणि तो देणाऱ्याच्या गावाने मोडला. विद्यार्थ्याने बुडवलेला एक पैसाही मला त्यांत सापडला नाही.